मधल्याचं वजन

घरात वायफायचे तीन डबे होते, आणि तिघांनाही नावं होती. हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी बसलेला तो थोरला. बाहेरून आलेली इंटरनेटची वायर त्याच्या पाठीत खुपसलेली. पॅसेजमध्ये चपलांच्या कपाटावर मधला. आणि मागच्या खोलीत खिडकीशी धाकटा. दिसायला तिघे अगदी सारखे, पांढरे, गोलसर, उपड्या वाडग्यासारखे, कपाळावर एकेक दिवा. थोरल्याने नेट घ्यायचं, हवेतल्या हवेत मधल्याकडे सरकवायचं, मधल्याने धाकट्याकडे. कुणाची कुणाबद्दल तक्रार नव्हती. बुधवारी सकाळी थोडा वेळ वीज गेली, परत आली, आणि सख्ख्या भावांनी एकमेकांना ओळख दाखवायची बंद केली.

तिने फोनवर कंपनीचं अ‍ॅप उघडलं. अ‍ॅपमध्ये एक हसरा ढग होता. ढगाने कळवलं की हे उत्पादन आपल्या प्रवासाच्या अखेरीस पोचलं आहे, आजवरच्या साथीबद्दल मनःपूर्वक आभार, नवं मॉडेल पाहण्यासाठी इथे दाबा.

"प्रवास कसला डोंबलाचा," ती म्हणाली. "आणल्यापासून चपलांच्या कपाटावर बसून आहे."

हे ती साहेबांना म्हणाली. साहेब तिच्या कमरेवर होते. साहेब म्हणजे तिचा मुलगा. दात मोजायला अजून एक हात पुरत होता, पण रुबाब निवृत्तीला आलेल्या अधिकाऱ्याचा. हाक आली की उठायचं, कारण विचारायचं नाही, आणि गाजराचा लगदा अंगावर सांडला तर चूक चमच्याची.

डब्यांनी दुसऱ्या कुठल्याही दिवशी डोळे मिटले असते तरी तिने त्यांना माफ केलं असतं. पण उद्या अकराला तिची परीक्षा होती. तिचं काम असं की सभेत, बैठकीत माणसं बोलत असताना ती घरबसल्या ऐकायची आणि त्याच क्षणी टाइप करायची. ज्यांना ऐकू येत नाही ते समोरच्या पडद्यावर वाचायचे. साहेब आले आणि तिच्या वेळा दुसऱ्या कुणाकडे गेल्या. आता काम देणाऱ्या मॅडमनी एक बैठक दिली होती, कुठल्याशा इमारतीच्या लिफ्टबद्दलची. धागा न तुटता पार पडली तर आठवड्यातल्या तीन सकाळी तिच्या. नाहीतर दुसरी मुलगी तयार होती, आणि मॅडम तसं गोड आवाजात म्हणाल्याही होत्या. या कामात नेट गेलं तर नुसतं "थांबा हं" म्हणून भागत नाही. पडद्यावर वाक्य अर्धवट लटकतं, आणि वाचणाऱ्याला समोर फक्त हलणारी तोंडं दिसत राहतात.

लागणारं दार घरात एकच, मागच्या खोलीचं. हॉलमध्ये सकाळी सासूबाईंचा शिवणक्लास. चार मशिनी आणि सहा बायका, त्यात आवाज कुणाचा जास्त हे अजून ठरायचं होतं. मागच्या खोलीच्या भिंती इतक्या जाड की फोनच्या सिग्नलची एकच दांडी दिसायची, तीही तिथे गेलं की तोंड फिरवायची.

नवरा दुपारी जेवायला आला. तो गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकणाऱ्याच्या शेजारी बसून, दुसऱ्या ब्रेकवर पाय ठेवून जगणारा माणूस. घरातही त्याचा पाय तिथेच असे.

"नवीन घेऊ," तो म्हणाला. "शनिवारपर्यंत येतील."

"उद्या गुरुवार आहे."

"मग उद्या हॉलमध्ये बस."

"आणि क्लास?"

"बायकांना सांग, जरा हळू शिवा."

तिने नुसतं पाहिलं. त्याने जेवणात लक्ष घातलं.

सासूबाई कापडावर खडूने बाही आखत होत्या. वर न बघता म्हणाल्या, "मी उद्या क्लास बंद ठेवते."

त्यांनी हे मनापासून म्हटलं होतं, आणि तीच तर पंचाईत होती. उद्याचा दिवस निघाला असता. पण पुढे प्रत्येक आठवड्याच्या तीन सकाळी? तिला काम परत मिळावं म्हणून सासूबाईंनी आपलं गुंडाळायचं, हा हिशेब तिच्या गळी उतरेना.

"नको आई. बघते मी काहीतरी."

"ती बघते म्हणाली की मला भीती वाटते," नवरा आईला म्हणाला.

"मलाही," सासूबाई म्हणाल्या. "पण तिने बघितल्यावर मिक्सर चालू झाला होता."

साहेब झोपले तशी ती लॅपटॉप घेऊन थोरल्याच्या पायाशी बसली. शोधता शोधता कळलं की आपण एकटे नाही. जगभर लोकांकडे हेच डबे होते आणि सगळ्यांना त्याच ढगाने त्याच शब्दांत निरोप दिला होता. डब्यांना काही झालेलं नव्हतं. त्यांच्या डोक्यात कंपनीने भरलेलं फर्मवेअर, म्हणजे आतला प्रोग्रॅम, असं होतं की वीज जाऊन आली की प्रत्येक डब्याने आधी कंपनीला विचारायचं, मी माझ्या भावाशी बोलू का? आणि कंपनीने तो फोन उचलायचंच सोडून दिलं होतं. त्यावर काही हौशी मंडळींनी स्वतः लिहिलेलं फर्मवेअर होतं, ओपन सोर्स. कुणीही उघडून वाचावं, कुणीही वापरावं. ते डब्यात घातलं की डबा कुणाला काही विचारत नाही. घरातल्यांचं ऐकतो.

हे तिला फारच आवडलं. माणसांसाठी आहे का, हेही तिने मनात विचारून घेतलं.

खाली लाल अक्षरांत एक इशारा होता. या डब्याच्या दोन आवृत्त्या आहेत, पहिली आणि दुसरी. बाहेरून फरक नाही. एकीची फाइल दुसरीत घातली तर डबा उठणार नाही. आवृत्ती बुडावरच्या लेबलवर पाहावी.

तिने थोरल्याला उपडा केला. बुड स्वच्छ, चकचकीत. लेबलच्या जागी फेल्टच्या जाड, मऊ कापडाची गोल चकती.

"आई, याखाली लेबल होतं ना?"

"होतं की."

"कुठंय?"

"काढलं. तिघांचीही काढली, आणली त्याच दिवशी. तेल लावून, नखाने. कण राहू दिला नाही."

"का पण?"

"का म्हणजे? वस्तू आपली झाली की त्यावर दुकानाचं लेबल कशाला? तुझ्या बशांची काढली तेव्हा काही बोलली नाहीस."

 या घरात वस्तूवर लेबल टिकत नसे आणि वस्तू अनवाणी राहत नसे. सासूबाई लेबल काढायच्या आणि खाली फेल्ट चिकटवायच्या, फर्निचरला चरा पडू नये म्हणून. फुलदाणी, टेबललॅम्प, रिमोटचा स्टँड, सगळे मोजे घालून उभे.

तिने त्या हौशी मंडळींच्या चर्चेत प्रश्न टाकला. लेबल नसेल तर आवृत्ती कशी ओळखायची? 'गंजका स्क्रू' नावाच्या सद्गृहस्थांनी विचारलं, लेबल नाही म्हणजे? तिने लिहिलं, सासूबाईंनी काढलं.  मग उत्तर आलं: माझी आईपण. वजन करून बघा. पहिल्या आवृत्तीत आत अ‍ॅल्युमिनियमचा ठोकळा आहे, ती जड. दुसरीत कंपनीने तो वाचवला, ती हलकी.

हे तिच्या आवाक्यातलं होतं. सासूबाई दोरे आणायला बाहेर गेल्या होत्या. तिने स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, ज्यावर एरवी साहेबांचं गाजर तोललं जाई, आणि तिन्ही भावांना आळीपाळीने त्यावर बसवलं. थोरला आणि धाकटा एकमेकांच्या तोडीस तोड. मधलाही तसाच, उलट कणभर जास्त. फेल्ट तिघांनाही सारखं, त्यामुळे ते सोडून द्यायचं, इतकं शास्त्र तिने लावलं. म्हणजे तिघेही जड, तिघेही पहिली आवृत्ती. मधला नवऱ्याने नंतर एकटा आणला होता, हे तिला पुसट आठवलं, पण काटा समोर असताना आठवणीचं कोण ऐकतं.

थोरल्यावर नेट चालू होतं, त्याला हात लावायचा नव्हता. तिने मधल्याला घेतलं. लॅपटॉपला केबलने जोडला. मग लिहिल्याबरहुकूम: मागच्या बारक्या भोकात टाचणी घालून आतलं बटण दाबून धरायचं, तसंच धरून प्लग लावायचा, दिवा लुकलुकू लागला की सोडायचं आणि फाइल पाठवायची. टाचणी दातात, प्लग डाव्या हातात, डबा गुडघ्यांत. दिवा लुकलुकला. फाइल गेली. 

दिवा विझला. हे लिहिलेलं होतं. पण मग तो परत लागायला हवा होता, हेही लिहिलेलं होतं.

ती बसून राहिली. प्लग काढू नका, असं जाड ठशात होतं, म्हणून काढला नाही. धीर धरा, असं होतं, तोही धरला. साहेब आत उठले, त्यांनी वर्दी दिली. ती त्यांना घेऊन आली, त्यांचं खाणं झालं, कपडे बदलले, आणि मधला होता तसाच, थंड, डोळे मिटून.

तिने नवऱ्याला फोन लावला.

"मारला मी मधल्याला."

"मी ब्रेक लावला असता," तो म्हणाला. त्याच्या शेजारी कुणीतरी गाडी झटक्यात थांबवली. "अहो ताई, क्लच, क्लच. तुला नाही गं. बरं, मग आता दोनच राहिले?"

"दोघांना घेऊन नेट मागच्या खोलीपर्यंत नीट पोचत नाही. धाकट्याला पॅसेजमध्ये आणला तर दार उघडं ठेवावं लागेल."

"मग ठेव उघडं."

"सहा बायका मीच टाइप करणार का मग? लिफ्टच्या बैठकीत मधेच येईल, 'काखेत जरा सैल ठेव'."

तो हसला. तिला हसू आलं नाही. तिने फोन ठेवला. साहेब केबलचं टोक चघळत होते. तिला वाटलं, दुसऱ्या मुलीच्या घरी नवे डबे असतील. आणि असेल दार लागणारी खोली, आणि त्या खोलीत ती एकटी, केस विंचरलेली.

सासूबाई दोऱ्यांची पिशवी घेऊन आल्या. टेबलावर पाहिलं.

"त्याला उलटा का ठेवलायस? शिसं हलेल ना."

"काय हलेल?"

"शिसं. पडद्याच्या काठात घालतो ते." त्यांनी पिशवी खाली ठेवली. "हा कपाटावरून सारखा पडायचा. क्लासच्या बायका पर्सा हलवत जायच्या, की हा खाली. मग फेल्ट सोडवून आत तुकडे घातले आणि परत चिकटवलं. त्यानंतर पडलाय का कधी?"

"नाही."

"मग?"

तिने कात्री घेतली, फेल्टची कड उचलली. आत शिशाचे चपटे तुकडे ओळीने निजलेले, हलू नयेत म्हणून दोऱ्याने ओवलेले, दोऱ्याला वरून गाठ. कामात खोट काढायला जागा नव्हती. तिने ते काढून मधल्याला पुन्हा काट्यावर ठेवला. चांगलाच हलका होता तो. कंपनीने वाचवलं होतं ते सासूबाईंनी तोलून मापून भरून दिलं होतं.

"आई," ती म्हणाली, "तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?"

"तू विचारलंस लेबलाचं. लेबलाचं सांगितलं."

आता तिला खरंच हसू आलं, आणि हसताना डोळ्यांत पाणी. सासूबाईंनी ते पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. साहेबांच्या तोंडातून केबल काढून विचारलं, "मग गेला का तो कायमचा?"

गंजक्या स्क्रूचं म्हणणं, बहुधा नाही. डोक्यात चुकीचं शिरलं तरी खालचा एक दरवाजा उघडा असतो. तेच बटण दाबून धरा, या वेळी दुसऱ्या आवृत्तीची फाइल द्या. मात्र दिवा यायला वेळ लागतो, बटण सोडू नका. पण साहेब आता जागे होते आणि जमिनीवर बसायला त्यांचा तत्त्वतः विरोध होता. एका हातात साहेब, एका हातात प्लग, टाचणीला हात उरेना.

"टाचणी मला दे," सासूबाई म्हणाल्या. चष्मा खाली ओढला. "कुठे खुपसायची?"

"या भोकात. टक्क लागेल."

"लागलं. कधीपर्यंत धरू?"

"दिवा लुकलुकेपर्यंत."

"तो तर मेलाय म्हणतेस."

"हो."

"मेलेला लुकलुकणार?"

"तेच बघायचंय."

तिने प्लग लावला. काही नाही. साहेबांनी आजीच्या चष्म्याकडे हात लांबवला. आजीने मान मागे घेतली, टाचणी हलली नाही. आयुष्यभर सुईच्या टोकाकडे बघत आलेली बाई, ती तशीच वाकून राहिली. मग मधल्याच्या कपाळावर काहीतरी क्षीण उमटलं, गेलं, उमटलं.

"सोडा, सोडा आता. हळूच."

फाइल गेली. या वेळी जे लिहिलं होतं ते सगळं झालं, दिवा विझून परत लागण्यासकट. तेवढ्यात नवरा घरात शिरला, चार्जर हातात, आणि सवयीने प्लगच्या दिशेने वळला.

"हात लावू नकोस," दोघी एकदम म्हणाल्या. तो दोन्ही हात वर करून भिंतीला टेकला. साहेबांना हे फार आवडलं. त्यांनीही हात वर केले.

पुढची भीती छोटी होती. मधला जागा झाला, पण फोनवर त्याचं वायफाय दिसेना. नवरा हळूच म्हणाला, "बहिरा झाला का?" तिने शोधलं, वाचलं आणि कपाळाला हात लावला. हे नवं फर्मवेअर वायफाय मुद्दाम बंद ठेवूनच येतं. तुम्ही सांगाल तेव्हा चालू. डब्याच्या पानावर जाऊन तिने ते चालू केलं. मग धाकटा, मग थोरला, दोघांची पहिली आवृत्ती, ती मात्र दोन्ही फेल्ट सोडवून, आत बघून, मगच. अंधार पडायच्या आत तिन्ही भाऊ बोलायला लागले. नेटवर्कला नाव काय द्यायचं, असं पानाने विचारलं. तिने दिलं: लेबल काढू नये.

सासूबाईंनी फोनवर ते वाचलं. "कुणाला उद्देशून आहे हे?" म्हणाल्या, आणि पासवर्ड विचारून घेतला.

गुरुवारी साडेदहाला तिने साहेबांना आजीच्या खांद्यावर दिलं, मागच्या खोलीत गेली आणि दार लावलं. कडी लागल्याचा आवाज आला आणि त्यानंतर काहीच नाही. मशिनी नाहीत, बायका नाहीत. जाड भिंतींचा हा गुण तिच्या कधी लक्षात आला नव्हता.

बैठक एका इमारतीतल्या रहिवाशांची होती. विषय लिफ्ट. तिसऱ्या मजल्यावरच्या काकांना ऐकू येत नव्हतं, आणि लिफ्ट त्यांनाच सगळ्यांत जास्त हवी होती. तळमजल्यावरच्या गृहस्थांना लिफ्टची गरज वाटत नव्हती, आणि ते त्यांनी बऱ्याच प्रकारे सांगितलं. ती टाइप करत राहिली. बोटं पहिल्या काही वाक्यांत अडखळली, मग त्यांना जुनी वाट सापडली. कुणी खोकलं की कंसात खोकला, कुणी टोमणा मारला की टोमणा जसाच्या तसा. पडद्यावरच्या काकांनी वाचलं आणि ताबडतोब उलट उत्तर दिलं, तेही तिने टाइप केलं. नेट हललं नाही.

मधे चहाची सुट्टी झाली आणि ती शांतता अंगावर आली. साहेबांचा आवाज येत नव्हता. येणं शक्य नाही, हे तिला माहीत होतं, पण ते माहीत असणं आणि न येणं यांत फरक होता. रडत असेल का? साहेब रडायचे ते दारामागून कळायचंच नाही. उठून बघावं तर तो तिला पाहणार, आणि मग सुटणार नाही.

तिने लॅपटॉपवर डब्यांची पानं उघडली, काहीतरी करायचं म्हणून. ढगवाल्या अ‍ॅपने कधी दाखवलं नव्हतं ते इथे साधं लिहून ठेवलेलं असे: या क्षणी कुठला फोन कुठल्या डब्याला धरून आहे. थोरल्याकडे क्लासच्या बायकांचे फोन रांगेने. सासूबाईंचा त्यात नव्हता. तो मधल्याकडे होता. त्यांचा फोन नेहमी त्यांच्या खिशात, टेप आणि खडूबरोबर.

ती बघत असताना तो मधल्याकडून थोरल्याकडे गेला. थोड्या वेळाने परत मधल्याकडे आला. मग धाकट्याच्या यादीत उतरला, अगदी भरलेल्या सिग्नलने, म्हणजे या दाराच्या पलीकडे.  फोन तिथे क्षणभर थांबला आणि वळला. मधला. थोरला. मधला.

तिला कळलं. पॅसेजमध्ये फेऱ्या चालल्या होत्या. खांद्यावर साहेब, खिशात फोन. सहा बायका मशिनींवर वाऱ्यावर सोडलेल्या, त्यांच्या काखा सैल होवोत की घट्ट. साहेब झोपत नव्हते, आणि सासूबाई दार वाजवत नव्हत्या.

बैठक परत सुरू झाली. तिने ते पान पडद्याच्या कोपऱ्यात बारीक करून ठेवलं आणि टाइप करू लागली. तळमजल्यावरच्या गृहस्थांनी अखेर पाठिंबा दिला, मात्र लिफ्टमध्ये आरसा नको या अटीवर. का, ते त्यांनी सांगितलं नाही. ठराव झाला, माणसं उठली, पडदा रिकामा झाला. मॅडमचा निरोप आला: छान झालं. मंगळवार, गुरुवार, शनिवार तुझे. बाळ कुणाकडे असतं?

सासूबाईंकडे, तिने लिहिलं. लॅपटॉप मिटणार होती, पण तिने आधी कोपऱ्यात पाहिलं. फोन मधल्याकडे होता.

दाराची कडी करकरायची. साहेब त्या आवाजाला उठायचे, गाढ झोपेतूनही. तिने कडीवर हात ठेवला आणि उभी राहिली, नजर पडद्यावर. धाकट्याकडे. मधल्याकडे. फेऱ्या आता हळू झाल्या होत्या. तिच्या छातीत दूध भरून आलं होतं, आणि केस तर सकाळपासून विंचरायचेच राहिले होते. फोन थोरल्याकडे गेला. ती थांबली. अजून थोरल्याकडेच. अजून.

फेऱ्या थांबल्या, म्हणजे साहेब झोपले. मग तिने कडी एका बोटाने, श्वास रोखून, वर उचलायला घेतली.